सतराव्या चौकोनातला समुद्र

५ नोव्हेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलाय, आधी तो. उजवा नंतर, महिन्या-दीड महिन्याने. डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. "आजी, नोकरी कुठे केलीत?" म्हटलं, सरकारी तेल कंपनीत. समुद्रात विहिरी खणतात, त्यातून निघणाऱ्या खडकातले जीवाश्म बघायचं काम. "म्हणजे डायनासोर?" म्हटलं, नाही हो, मिठाच्या कणाएवढे. मायक्रोस्कोपखाली. त्याची निराशा झालेली दिसली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सोबत कोण येणार? फोनवर कळवते म्हटलं नि निघाले. रिक्षा चारकोपला येईपर्यंत विचार करत होते. भाऊ सावंतवाडीला, त्याचेच गुडघे गेलेत. लॅबमधल्या मंदाताई मुलुंडला, पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यानंतर नाव सुचेना. लग्न केलं नाही याचं एरवी काही वाटत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर वाटतं.

७ नोव्हेंबर

शेजारच्या दळवीवहिनी येणार. मी विचारलंच नव्हतं. जिन्यात भेटल्या, बोलता बोलता निघालं. "माका आधी सांगूक नको? मी येतंय." विषय संपला. दार लावून घेतलं नि थोडं रडले. उगाचच. चहा करून प्यायले.

९ नोव्हेंबर

लॅबमधून अपर्णाचा फोन. माझ्या शेवटच्या काही वर्षांत लागली होती, आता तीच प्रमुख. लॅब दुसरीकडे हलवतायत, निम्मे मायक्रोस्कोप खोक्यात गेले. निरोपाची स्मरणिका काढायची आहे. मी सूक्ष्मजीवाश्मांच्या कामाचा इतिहास लिहायचा, दहाएक पानं.

"मॅडम, तुम्ही नाही लिहिलं तर कोण लिहिणार? आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आणि शेवट मंदा मॅडमच्या शोधाने करा ना. झकास होईल. आमच्या नव्या नकाशात पण तो पॉइंट घेतलाय, जुन्या किनाऱ्याची रेघ त्याच्यावरूनच फिरवलीय."

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी उभी राहून बोलत होते. ऑफिसचा फोन आल्यासारखी.

१० नोव्हेंबर, गुरुवार

साडेपाचला मंदाताईंचा फोन. दर गुरुवारी येतो. हल्ली आठवड्यात मला मुद्दाम फोन करणारं हे एकच माणूस. बाकीचे बँक, गॅस, नि "मॅडम, आपको लोन चाहिए".

स्मरणिकेचं सांगितलं. खूश झाल्या. म्हणाल्या, "फार कौतुक नको करूस हो माझं." म्हणजे करायचं.

डोळ्याचंही सांगितलं. "काही नसतं गं त्यात. माझे झालेत ना चार वर्षांपूर्वी." मग जरा थांबून, "रंग वेगळे दिसतात थोडे दिवस. मग सवय होते."

१३ नोव्हेंबर

प्रकरण सुरू केलं. पहिलं वाक्य खोडलं, परत तेच लिहिलं. बाहेरच्या माणसाला कळेल असं लिहायचं म्हणजे त्रास आहे. शेवटी सरळ लिहिलं:

समुद्राच्या तळाखाली ड्रिल फिरतं नि खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. तो पिशव्यांत भरून आमच्याकडे यायचा. आम्ही तो भिजत घालायचो, चाळणीवर धुवायचो, वाळवायचो आणि मायक्रोस्कोपखाली पसरून त्यातले जीवाश्म बारीक ओल्या ब्रशने एकेक टिपायचो. टिपलेला नग काळ्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर, नंबर घातलेल्या चौकोनात, डिंकाने चिकटवायचा. कुठला जीव सापडला यावरून खडकाचं वय ठरायचं. वय कळलं की तेलाचा थर अजून खाली आहे की मागे पडला, ते सांगता यायचं.

वाचून बघितलं. आयुष्य एका परिच्छेदात बसलं.

१४ नोव्हेंबर

आज जुन्या पिढीचं लिहिलं. आम्ही लागलो तेव्हा ते लोक रिटायर होत होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांशी ताडून नावं द्यायचे. आपल्या समुद्रातले जीव त्या चित्रांत नीट बसायचे नाहीत, मग साहेब लोक चित्रालाच शिव्या द्यायचे. आम्हां बायकांना समुद्रातल्या रिगवर पाठवत नसत. समुद्राच्या पोटातलं सगळं आम्हांला पाठ, आणि समुद्र बघायचा तर मार्वे-गोराईला जाऊन बघायचा. हे लिहिलं खरं, पण अपर्णा छापेल की नाही कोण जाणे.

ब्रशचंही लिहिलं. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांतून ओढायचा. सगळेच ओढायचे. कधी कधी टिपलेला नग ब्रशलाच चिकटून राहायचा नि सरळ पोटात. कोट्यवधी वर्षं खडकात टिकलेला जीव, आणि शेवट असा. लॅबचा नियम होता, नग गिळला की सगळ्यांना चहा पाजायचा. मंदाताईंनी सगळ्यांत जास्त चहा पाजले. नव्या पोरींनी एकदा विचारलं होतं, मॅडमचा आज वाढदिवस आहे का. "नाही गं, आज फराळ झालाय."

पुष्कळ दिवसांनी एकटी मोठ्याने हसले.

१६ नोव्हेंबर

निळ्या पाण्याचं राहिलं होतं, ते घातलं. एक नमुना धुऊन झाला की चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत अडकून राहिलेले नग निळे होतात. ते पुढच्या नमुन्यात मिसळले तर लगेच ओळखू येतात. निळं दिसलं की उपरं, टाकून द्यायचं. आमची बोटं बारा महिने निळी. गेटवरच्या वॉचमनला वाटायचं, आम्ही आत कापडं रंगवतो.

आता मंदाताईंचा शोध लिहायचा राहिला. तो नीट लिहायचाय. ऑपरेशननंतर.

१८ नोव्हेंबर

उद्या डावा डोळा. वहिनींनी रिक्षावाल्याला आजच सांगून ठेवलंय. मला नाही, त्याला.

१९ नोव्हेंबर

झालं. एका डोळ्याने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. वहिनी सगळा वेळ बाहेर बसून होत्या. आल्यावर पेज दिली नि गेल्या. पट्टी आहे. डॉक्टरला विचारलं, मायक्रोस्कोप कधी? "आजी, आधी टीव्ही तरी बघा."

२२ नोव्हेंबर

थेंब दिवसातून चारदा. मला स्वतःला जमत नाही, गालावरच पडतात. वहिनी येतात. "डोळो मिटू नको गो, वर बघ. वर. माझ्याकडे नको बघू, पंख्याकडे बघ." त्यांच्या हाताला लसणीचा वास. माझ्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागून किती वर्षं झाली, हा विचार मनात आला आणि नको तो आला.

२६ नोव्हेंबर

रंग. हॉलचे पडदे मी सायीच्या रंगाचे म्हणून आणले होते, ते पांढरे आहेत. राखाडी साडी राखाडी नाही, निळी आहे. ती साडी मी चुलतभावाच्या बाराव्याला नेसून गेले होते. कुणी काही बोललं नाही.

मार्केटला गेले. गोराईची पमाबाई मासे घेऊन बसते तिच्याकडे. बांगड्यांवरून नजर हलेना. पाठीवर निळा, हिरवा, आणि मधे काळ्या रेघा. पमाबाई म्हणाली, "काय गो बाय, बांगडा कवा पायला नाय का?" म्हटलं, इतका निळा नाही पाहिला. "निलाच असतो तो. ने चार."

गंमत म्हणजे उजव्या डोळ्याने अजून जुनं जग दिसतं. डावा मिटला की सगळं पिवळट, जुन्या फोटोसारखं. उजवा मिटला की धुतलेलं. रस्त्यात उभी राहून एकेक डोळा मिटत होते. लोकांना वाटलं असेल, म्हातारी डोळे मारते.

८ डिसेंबर

मायक्रोस्कोपला परवानगी. डॉक्टर म्हणाला, थोडा थोडा वेळ.

रिटायर झाल्यावर घेतलेला आपला साधा मायक्रोस्कोप, दिवा मात्र नवा, एलईडी. प्रकरणातला शेवटचा भाग लिहिण्याआधी मंदाताईंची ती स्लाइड एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून काढली. ती माझ्याकडेच आहे, सागवानी डबीत. त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी डबीत घालून त्यांना भेट दिली होती. पुढे त्यांनी मला दिली. "इथे सून कपाटं आवरते, फेकून देईल. तुझ्याकडे राहू दे."

स्लाइडवर वेगवेगळ्या विहिरींतले नग, जुळवून बघायला ठेवलेले. शोधाचा नग सतराव्या चौकोनात.

तो निळा आहे.

९ डिसेंबर

काल पुढे लिहिता आलं नाही.

दिवा पुसला, भिंगं पुसली, स्लाइडवरची काच काढून बघितलं. सोळा पांढरा, अठरा पांढरा, एकोणीस मळकट पांढरा. सतरा निळा. गडद नाही, फिक्का. कवचाच्या खोबणींत रंग धरलाय, तसाच, आपल्या चाळणीवरचा. उजव्या डोळ्याने बघितलं तर पांढराच. डाव्याने निळा.

म्हणजे तो तिथला नाही. आधीच्या नमुन्यातला, जाळीत अडकलेला. उपरा. आम्ही रोज असे कितीतरी ब्रशने बाजूला सारत होतो.

आठवून बघतेय. मंदाताईंची ती रिटायरमेंटआधीची शेवटची विहीर. नमुना स्वतःच धुतला होता, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विहिरीच्या तळाचा थर, वाळू नि कोळशाचे कण. नदीचा गाळ, त्यात समुद्रातलं काही सापडत नाही, असंच सगळे धरून चालायचे. त्यात हा एक नग. समुद्रातच जगणारा. म्हणजे समुद्र तिथे आम्ही समजत होतो त्याच्या फार आधी येऊन गेला होता. दोघींनी एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता, दोन बाजूंना दोन डोकी. मी समोरून बघितला होता. लॅबचा तो पिवळा बल्ब, त्यात गडद निळा दिसायचा, फिक्का नाही. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागलेला असणार, आता कळतंय. मला तेव्हा पांढराच दिसला.

मी एवढंच म्हटलं होतं, "एकच आहे, ताई." त्या म्हणाल्या, "एक पुरतो."

फोटो छापला तो काळा-पांढरा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी नगावर सोन्याचा थर द्यावा लागतो, त्याला त्यांनी नाही म्हटलं. "एकुलता एक आहे, त्याला रंगवायचा नाही." परिषदेत टाळ्या. घरी परतताना टॅक्सीत माझा हात धरून बसल्या होत्या. पाऊण तास.

११ डिसेंबर

परत बघितलं. निळाच.

१५ डिसेंबर, गुरुवार

साडेपाचला फोन. डोळा कसा आहे? बरा आहे. मायक्रोस्कोप लावलास का? म्हटलं, अजून नाही. खोटं बोलले.

त्या सुनेबद्दल बोलत राहिल्या. नातू पवईला इंजिनिअरिंगला लागलाय, होस्टेलवर राहतो, इतकं जवळ असून महिना महिना येत नाही. मधेच म्हणाल्या, "त्याच्या मित्रांना सांगितलं त्याने, माझ्या आजीने समुद्र शोधलाय. वेडाच आहे." आवाज इतका हलका झाला होता. मी हं, हं करत राहिले.

हे मी लिहिलं तर ते वाक्य राहणार नाही. आणि गुरुवारही राहणार नाहीत बहुतेक. त्यांच्यानंतर मला फोन करणारं कुणी नाही. हे स्वतःलाच स्पष्ट लिहून दाखवतेय, म्हणजे पुढे जे करीन ते कशासाठी केलं, याबद्दल शंका नको.

१७ डिसेंबर

अपर्णाचा फोन. प्रकरण कुठवर आलं? म्हटलं, डोळा. तिने काळजीने चौकशी केली, मुलगी चांगली आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या नकाशात मंदा मॅडमचा तो पॉइंट काढला तर?

"काढला तर काय मॅडम, वाट लागली. आख्खी रेघच मागे जाते. तिथे पुढची विहीर सुचवायचा विचार आहे ना. पण का काढायचा?"

म्हटलं, सहज. एकच नग होता ना.

"पण मंदा मॅडमनी बघितलाय." तिने इतक्या विश्वासाने म्हटलं की मी विषय बदलला.

पुढची विहीर. म्हणजे रिग, बोटी, माणसं. एका उपऱ्या नगावर.

१९ डिसेंबर

राग येतोय. कुणाचा ते कळत नाही. डॉक्टरचा, बहुतेक. छान पिवळं दिसत होतं.

दोन प्रकारे लिहून बघितलं. एकात शोध आहे, थाटात. एकात शोधाच्या जागी फक्त निळ्या पाण्याचा परिच्छेद, त्यापुढे काही नाही. पहिलं खोटं आहे. दुसरं भेकड आहे. तिसरं लिहायला घेतलं, "मात्र अलीकडे त्या नमुन्याची पुन्हा तपासणी केली असता" इथवर आले. असता काय?

वहिनी थेंब घालायला आल्या. "काय झाला? डोळो लाल दिसता." म्हटलं, लिहीत होते. "मगे नको लिहू." किती सोपं.

२१ डिसेंबर

उजव्या डोळ्याची तारीख दिली होती, पुढे ढकलली. कारण सांगितलं, सर्दी. खरं कारण, त्या डोळ्याला नग अजून पांढरा दिसतो.

आज भाजी चिरताना एकदम डोक्यात आलं. मंदाताईंचे डोळे झाले चार वर्षांपूर्वी. स्लाइड मला दिली तीही चार वर्षांपूर्वीच. ऑपरेशननंतर भेटायला गेले होते तेव्हाच डबी हातात ठेवली. सून कपाटं आवरते म्हणाल्या. सून त्यांच्या खोलीत पायसुद्धा ठेवत नाही.

नातवाला दाखवायला त्यांनी ती काढली असेल. किंवा नसेल. फोनवर म्हणाल्या होत्या ना, रंग वेगळे दिसतात थोडे दिवस, मग सवय होते.

पण मग माझ्याकडे का दिली? फेकून देता आली असती. दडवायचं तर घरात मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडे कोण देतं? मला मोतीबिंदू होता, हे त्यांना माहीत होतं का? तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

की त्यांना काहीच दिसलं नाही, आणि मी म्हातारपणी नसते तर्क करतेय.

२९ डिसेंबर, गुरुवार

फोन. मीच म्हटलं, ताई, येऊन जाते एकदा. बोलायला.

"ये की. मायक्रोस्कोप आणशील? खूप दिवसांत हात नाही लावला."

त्यांनीच म्हटलं. मी नाही.

४ जानेवारी

मुलुंडला जाऊन आले.

मायक्रोस्कोप खोक्यात, डबी पर्समध्ये. टॅक्सी लिंक रोडवर अडकली. सगळा वेळ पाठ केलेलं वाक्य मनात म्हणत होते, ताई, मला तुम्हाला एक दाखवायचंय. पोचले तर त्या दारातच उभ्या, चालायची काठी घेऊन. वाळल्यात. केस एकदम पांढरे, आणि आता मला ते पांढरेच दिसतात.

सून चांगली आहे हो. चहा-खारी ठेवली, दोन शब्द बोलली, ऑफिसच्या कॉलवर गेली. दार लोटून घेतलं.

जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून बाजूला ठेवला. मी डबी उघडून स्लाइड लावली. पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघेना. त्यांनी स्वतःच बटण फिरवत चौकोन मोजत आणले. सतराला थांबल्या.

किती वेळ बघत होत्या सांगता येत नाही. चहावर साय धरली.

"दिवा पांढरा आहे," म्हणाल्या. भिंगांवरून डोळे न काढता.

"एलईडी आहे."

"आपला तो बल्ब पिवळा होता."

"हो."

मी त्यांच्या मानेकडे बघत उभी. पूर्वी आम्ही दोघी समोरासमोर बघायचो, आता एकीने बघायचं आणि दुसरीने वाट बघायची. काहीतरी बोला, असं मनात म्हणत होते. ओरडा तरी. उपरा आहे म्हणा, नाहीतर मला वेडी म्हणा.

"ब्रश आहे?"

खोक्यात कायम असतो. दिला. वरची काच त्यांनीच सरकवली. ब्रश पाण्यात बुडवला, ओठांतून ओढून टोक काढलं. "कलंडलाय जरा. सरळ करते." काठी धरताना थरथरणारा हात ब्रश धरल्यावर एकदम स्थिर. ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीकडे वळले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

वळले तेव्हा त्या ब्रश ओठांतून ओढत होत्या. जुनी सवय. "झालं," म्हणाल्या. काच सरकवली, स्लाइड डबीत घातली, डबी माझ्या हातात दिली आणि वरून हात तसाच ठेवला थोडा वेळ.

"उजवा कधी करतेस?"

म्हटलं, बघू. घाई नाही.

"करून घे. एका डोळ्याने काम करू नये. डोकं दुखतं."

मग उठल्या. काठी विसरून. म्हटलं, कुठे निघालात? "चहा करते."

"अहो, आहे ना हा. गार झाला तर गरम करून घेऊ."

"तो सुनेचा. तुला मी पाजते."

गॅसजवळ उभ्या राहून केला. आलं किसलं, साखर जास्त पडली. मी प्यायले सगळा. निघताना लिफ्टपाशी म्हणाल्या, "छापायला देण्याआधी वाचून दाखव मला." म्हटलं, हो.

विषय निघालाच नाही. मी भेकड ती भेकडच. दमले आहे, आज एवढंच.

६ जानेवारी

डबी आज उघडली. दोन दिवस तशीच पर्समध्ये होती. काल गुरुवार असून फोन आला नाही, आदल्या दिवशीच भेटलो म्हणून असेल.

सतरावा चौकोन रिकामा. डिंकाचा गोल डाग आहे, मधे काही नाही. काचेला चिकटलाय का बघितलं. डबीत झटकून बघितलं. बाकीच्या चौकोनांत, कडांना, पुठ्ठ्याच्या मागे. पर्स टेबलावर उलटी केली. मिठाच्या कणाएवढी वस्तू पर्समध्ये शोधतेय, मीही कमाल.

प्रवासात निसटला असेल, असं अर्धा तास स्वतःला पटवलं.

मग चहा आठवला.

खुर्चीत बसले ती उठलेच नाही. वहिनी आल्या तेव्हा अंधार पडायला लागला होता, दिवासुद्धा लावला नव्हता. "काय गो, बरां नाय वाटत?" म्हटलं, नाही, बरंय. त्यांनी दिवा लावला. थेंब आता दोनदाच, तरी येतात.

७ जानेवारी

नियम होता. गिळला की चहा पाजायचा. चुकून गिळला तरी, आणि... मुद्दाम गिळल्याचं उदाहरण लॅबच्या इतिहासात नाही.

त्यांनी कबूल केलं, असं म्हणावं का? माझ्याजवळ, आणि फक्त मला कळेल असं. की पुरावा संपवला आणि वर मला चहा पाजून गप्प केलं? दोन्ही एकाच कपात. त्या माणसाला मी आयुष्यभर ओळखते आणि मला सांगता येत नाही.

एक मात्र खरं. तो निळा होता हे आता जगात कुणीच दाखवू शकत नाही. काळा-पांढरा फोटो आहे. नकाशावरची रेघ आहे. आणि माझा डावा डोळा. मी लिहिलं तर एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्या म्हाताऱ्या बाईचा शब्द. मी नाही लिहिलं तर काहीच नाही.

त्यांनी माझं काम सोपं केलं की अवघड, हेही कळत नाही. रागही येतोय आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटतंय. तिथे लिफ्टपाशी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१० जानेवारी

उजव्या डोळ्याची तारीख घेतली. सोमवारी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सोबत कोण? म्हटलं, त्याच. दळवीवहिनी.

अपर्णाचा मेसेज. शुक्रवारी छपाईला जातंय, मॅडम, प्लीज. खाली हात जोडलेले.

प्रकरण तयार आहे. चाळणी आहे, निळं पाणी आहे, ब्रश आहे, चहाचा नियम आहे. शेवटचं पान सोडून सगळं. त्या पानाच्या वरती "मंदाताईंची शेवटची विहीर" एवढं लिहून ठेवलंय.

१२ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून काही खाल्लं नाही. पमाबाईने वाट बघून पोरीबरोबर बांगडे वर पाठवून दिले. ओट्यावर आहेत. निळे.

दुपारी शेवटचं पान लिहिलं. जसं झालं तसं, सरळ. सापडला कसा, तेव्हा दिसला कसा, आता दिसला कसा. चहा नाही लिहिला. तो आमचा आहे. अपर्णाला पाठवायच्या मेलला जोडून ठेवलं, पाठवलं नाही. आधी वाचून दाखव म्हणाल्या होत्या, मी हो म्हटलं होतं.

पाच वाजून गेले. पानं मांडीवर घेऊन फोनजवळ बसलेय. त्यांनी फोन केलाच नाही तर मी करायचा का? तसं आमच्यात कधी ठरलेलं नाही, फोन त्याच करतात. आणि केला त्यांनी, आणि वाच म्हणाल्या, तर पहिलं वाक्य वाचून मी थांबणार आहे. थांबून बघणार आहे, त्या काय

वाजला.